चोवीस सेकंद आणि एक रेषा

२२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात बास्केटबॉलचा एक सामना झाला. दोन्ही संघ नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एन. बी. ए., या धंदेवाईक खेळाडूंच्या संघटनेतील होते आणि दोन्ही नाणावलेले होते. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा होता. तो संपला तेव्हा गुणफलकावर पुढील आकडे होते : फोर्ट वेन पिस्टन्स १९, मिनिआपोलिस लेकर्स १८. अलीकडच्या हंगामांत याच संघटनेतील एकेक संघ एका सामन्यात सरासरी ११४ च्या आसपास गुण मिळवीत आला आहे. टोपलीची उंची तीच दहा फूट, गडी तेच पाच-पाच आणि वेळही तीच अठ्ठेचाळीस मिनिटे. मग हे एवढे अंतर पडले तरी कशामुळे?

वाचकहो, खेळाडू अधिक उंच आणि अधिक चपळ झाले म्हणून खेळ बदलला, असे उत्तर आपण सहज देऊन मोकळे होतो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु बास्केटबॉलची गेल्या पाऊणशे वर्षांची हकीगत नीट पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला आपण ‘खेळण्याची योग्य रीत’ म्हणतो, ती त्या त्या काळच्या नियमांनी घातलेल्या कोड्याचे उत्तर असते. कोडे बदलले की उत्तर बदलते; आणि जुने उत्तर ज्यांनी उमेदीची वर्षे घालवून पाठ केलेले असते, त्यांच्यापुढे मोठाच पेच उभा राहतो. म्हणूनच ही हकीगत केवळ क्रीडाप्रेमींपुरती नाही. ज्या घरातील मुले संध्याकाळी शाळेच्या क्रीडांगणावर जातात, त्या घरातील वडीलधाऱ्यांनीही ती ऐकण्यासारखी आहे.

टोपली आणि तिच्याखालचा उंच माणूस

बास्केटबॉल हा पुष्कळ खेळांप्रमाणे हळूहळू घडत गेलेला नाही. तो मुद्दाम रचला गेला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन बाजूंस पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर आली. ती आजही तेथेच आहे. अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले आणि पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. चेंडू हातात घेऊन धावायचे नाही आणि प्रतिपक्षाच्या अंगावर जायचे नाही, हे या खेळाचे मूळ सूत्र होते. बळापेक्षा कौशल्याला मान मिळावा, हा त्यामागचा हेतू होता.

परंतु टोपली उंचावर टांगली की उंच माणसाला आपोआप महत्त्व येते. १९४० नंतरच्या दशकात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंच उंचीचा तरुण पुढे आला. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि चालीत अवघडलेपणा, असे त्याचे रूप होते. महाविद्यालयातील त्याचे शिक्षक रे मायर यांनी त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या मारून घेतल्या, मुष्टियुद्धाचा सराव करविला, इतकेच काय पण त्याला नृत्यही शिकविले. त्या मेहनतीतून जो खेळाडू घडला, त्याला अडविणे भल्याभल्यांना जमेना. तो टोपलीखाली उभा राही, सहकारी चेंडू त्याच्याकडे उंचावरून फेकीत आणि तो कधी डाव्या, कधी उजव्या हाताने चेंडू अलगद टोपलीत सोडून देई. त्याचा लेकर्स संघ १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत पाच वेळा विजेता ठरला.

आरंभी सांगितलेल्या सामन्यात फोर्ट वेनच्या संघाने या मायकनवर एक साधा तोडगा काढला. चेंडू आपल्याच हाती ठेवला, तर मायकन करणार काय? नियमांत त्याला कोठेच आडकाठी नव्हती. त्यामुळे फोर्ट वेनचे गडी चेंडू एकमेकांकडे देत, काही वेळा नुसताच हातात धरून, उभे राहिले. लेकर्सच्या अठरा गुणांपैकी पंधरा एकट्या मायकनचे होते. तरीही शेवटच्या काही क्षणांत फोर्ट वेनने एक गोल करून सामना जिंकला. डावपेच बिनतोड होता. पण पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना त्या संध्याकाळी काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, संघटनेने टोपलीसमोरचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला. चढाई करणाऱ्या गड्याला या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहता येत नाही. पट्टा रुंद झाल्याने मायकनला टोपलीपासून दूर सरावे लागले. उंच माणसाला आवरण्याची सोय झाली. परंतु चेंडू दाबून बसणाऱ्या संघाला आवरण्याची सोय अजून झाली नव्हती.

भागाकाराने तारलेला खेळ

चेंडू दाबून बसलेल्या संघाकडून तो मिळविण्याचा एकच मार्ग उरला होता : त्याच्या गड्याला मुद्दाम धक्का देऊन फाऊल करायचा, त्याला मुक्त फेकी घेऊ द्यायच्या आणि मग चेंडू आपल्या ताब्यात घ्यायचा. दुसरा संघही तेच करी. मार्च १९५३ मध्ये बोस्टन आणि सिरॅक्यूज यांच्यातील एक सामना चार वेळा वाढवावा लागला. त्यात बोस्टनच्या बॉब कूझीने पन्नास गुण केले. त्यांपैकी तीस केवळ मुक्त फेकींचे होते. खेळ थांबे, शिट्टी वाजे, एक गडी रेषेवर उभा राही आणि बाकीचे नऊ त्याच्याकडे पाहत राहत. असा खेळ पाहायला लोक किती दिवस येणार?

येथे एका अगदी साध्या माणसाचा या हकीगतीत प्रवेश होतो. डॅनी बियासोन हे इटलीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले गृहस्थ. सिरॅक्यूज गावी त्यांचे बोलिंगच्या खेळाचे केंद्र होते आणि गावच्या संघाचे ते मालक होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी लिओ फेरिस यांनी असा विचार केला की, जे सामने रंगले त्यांत प्रत्येक संघाने साधारणपणे साठ वेळा टोपलीकडे चेंडू फेकलेला असतो. दोन्ही संघांच्या मिळून झाल्या एकशेवीस फेकी. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद होतात २८८०. त्याला एकशेवीसने भागले की उत्तर येते चोवीस. म्हणून ज्या संघाच्या हाती चेंडू आहे त्याने चोवीस सेकंदांच्या आत तो टोपलीकडे फेकलाच पाहिजे. न फेकल्यास चेंडू प्रतिपक्षाचा.

हा नियम १९५४-५५ च्या हंगामापासून लागू झाला. आधीच्या हंगामात एका संघाची सरासरी सुमारे ७९ गुणांची होती, ती एकदम ९३ वर गेली. परंतु गुणांपेक्षाही मोठा फरक असा पडला की, आघाडी घेतलेल्या संघाला स्वस्थ बसता येईना आणि मागे पडलेल्या संघाची आशा शेवटपर्यंत जिवंत राहू लागली. त्या हंगामाच्या अंतिम मालिकेतील सातव्या, निर्णायक सामन्यात बियासोन यांचा सिरॅक्यूजचा संघ एके वेळी सतरा गुणांनी मागे होता. प्रतिपक्षाला चेंडू दाबून वेळ काढता आला असता, तर निकाल तेथेच लागला असता. सिरॅक्यूजने पिछाडी भरून काढली आणि ९२-९१ असा एका गुणाने सामना जिंकला. हरलेला संघ होता फोर्ट वेनचा. पाच वर्षांपूर्वी १९-१८ असा विजय मिळविणारा तोच संघ!

जमिनीवरून आकाशात

घड्याळामुळे खेळाला वेग आला. त्याच सुमारास त्याला उंचीही मिळाली. पूर्वी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, दोन्ही हातांनी छातीजवळून चेंडू फेकण्याची पद्धत होती. १९३६ मध्ये हँक लुइसेट्टी या महाविद्यालयीन खेळाडूने एका हाताची फेक न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना दाखविली. नंतर उंच उडी घेऊन, हवेत असतानाच चेंडू सोडण्याची रीत रूढ झाली. १९५० मध्ये एन. बी. ए. ची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रथमच उघडली. त्या वर्षी मैदानात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू अर्ल लॉइड हा १९५५ च्या विजेत्या सिरॅक्यूज संघातही होता. ज्यांना केवळ वर्णामुळे बाहेर ठेवले होते, त्यांनी आत येताच खेळाची चौकटच मोठी केली.

बोस्टनच्या बिल रसेलने बचावाला कलेचा दर्जा दिला. तो प्रतिपक्षाची फेक हवेतच अडवी. परंतु चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्याऐवजी तो सहकाऱ्याच्या हाती जाईल अशा बेताने टोलवी, आणि त्याच क्षणी बोस्टनचे गडी दुसऱ्या टोकाकडे धाव घेत. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत त्या संघाने अकरा वेळा अजिंक्यपद मिळविले. त्याचा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन याने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात एकट्याने शंभर गुण केले. दोन वर्षांनी टोपलीसमोरचा पट्टा सोळा फूट करण्यात आला. मायकनच्या वेळचा उपाय पुन्हा एकदा योजावा लागला, कारण उंच माणसाचे राज्य काही संपत नव्हते.

मायकनची रेषा

ते राज्य उलथून टाकणारी गोष्ट होती जमिनीवर काढलेली एक रेषा. आणि ती रेषा या खेळात रुजविणाऱ्यांत स्वतः मायकन होते, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

टोपलीपासून दूर एक कमान आखायची आणि तिच्या बाहेरून चेंडू टोपलीत पडला तर दोनऐवजी तीन गुण द्यायचे, ही कल्पना १९६१ मध्ये एका अल्पायुषी संघटनेने वापरून पाहिली होती. १९६७ मध्ये एन. बी. ए. ला प्रतिस्पर्धी म्हणून अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन निघाली आणि तिचे पहिले आयुक्त म्हणून मायकन यांची नेमणूक झाली. लाल, पांढरा व निळा अशा तिरंगी चेंडूबरोबर त्यांनी ही तीन गुणांची रेषाही स्वीकारली. बुटक्या गड्यालाही गुण करण्याची संधी मिळावी आणि टोपलीखालची गर्दी पांगावी, हे त्यामागचे धोरण होते. ज्याच्यामुळे पट्टे रुंद करावे लागले, त्यानेच बुटक्यांसाठी दार उघडावे, यात मनाचा मोठेपणा नाही असे कोण म्हणेल?

ही संघटना १९७६ मध्ये बंद पडली. तिचे चार संघ एन. बी. ए. त सामील झाले आणि १९७९ मध्ये रेषाही आली. परंतु प्रारंभी तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. पहिल्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरीने तीनदासुद्धा रेषेबाहेरून चेंडू फेकीत नव्हता. अनुभवी प्रशिक्षकांना ती सर्कशीतील करामत वाटे. चांगला खेळ म्हणजे टोपलीच्या जवळ जाणे, हीच शिकवण पिढ्यानुपिढ्या चालत आली होती. नियम बदलला तरी मने बदलायला वेळ लागतो, तो असा.

मध्यंतरी खेळ पुन्हा मंदावला. १९९० नंतरच्या दशकात बचाव अंगलट आणि कठोर झाला. प्रत्येकाने आपापला गडी धरून राहायचे, असा बचावाचा नियम होता. त्यामुळे आपल्या उत्तम खेळाडूला एका बाजूस मोकळे सोडायचे आणि बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूस उभे राहून पाहायचे, असा प्रकार वाढला. १९९८-९९ मध्ये संघाची सरासरी ९२ पर्यंतही पोहोचली नाही. तेव्हा संघटनेने पुन्हा नियमांना हात घातला. २००१ मध्ये बचाव करणाऱ्यांना जागा वाटून घेऊन उभे राहण्याची मुभा मिळाली. साहजिकच एकट्याच्या बळावरचा खेळ अवघड झाला आणि चेंडू फिरवीत ठेवणे भाग पडले. २००४ पासून बाहेरच्या बाजूस गड्याला हात लावून थोपविण्यावर पंच कडक नजर ठेवू लागले. त्याचा लाभ प्रथम उठविला तो फीनिक्स संघाने. स्टीव्ह नॅश हा चतुर खेळाडू आणि माइक डँटोनी हे प्रशिक्षक यांनी चोवीस सेकंदांची वाट न पाहता, चेंडू हाती येताच धावायचे आणि पहिली मोकळी फेक घ्यायची, असा सपाटा लावला. अजिंक्यपद त्यांना मिळाले नाही. मार्ग मात्र सापडला.

घरखर्चासारखा हिशेब

आता या बदलामागचा हिशेब पाहू. तो घरच्या जमाखर्चाइतका सोपा आहे. समजा, एक गडी रेषेच्या थोडे आतून शंभर वेळा चेंडू फेकतो आणि चाळीस वेळा यशस्वी होतो. दोन-दोन गुणांप्रमाणे त्याचे झाले ऐंशी. तोच गडी दोन पावले मागे सरून रेषेबाहेरून शंभर वेळा फेकतो आणि छत्तीस वेळाच यशस्वी होतो. तीन-तीन गुणांप्रमाणे त्याचे झाले एकशेआठ. चार वेळा अधिक चुकूनही अठ्ठावीस गुण अधिक! हा हिशेब १९७९ पासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तो कागदावरून मैदानावर उतरायला पस्तीस वर्षे लागली.

तो सर्वांना पटवून दिला स्टीफन करी याने. सव्वासहा फुटांच्या आतबाहेर उंची आणि शिडशिडीत बांधा असलेला हा खेळाडू त्या मैदानावर ठेंगणाच दिसतो. २०१५-१६ च्या हंगामात त्याने रेषेबाहेरून ४०२ वेळा टोपली साधली. तोवरचा विक्रम २८६ चा होता आणि तोही त्याचाच, आदल्या वर्षीचा. त्या हंगामात त्याच्या गोल्डन स्टेट संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकले. रेषेच्याही कितीतरी मागून तो चेंडू फेकी; त्यामुळे बचाव करणाऱ्यांना त्याच्याकडे धावत बाहेर यावे लागे आणि टोपलीजवळची जागा इतरांसाठी रिकामी होई. मायकन यांनी जे योजिले होते, ते अर्धशतकानंतर असे फळाला आले. आता एकेक संघ एका सामन्यात पस्तीसहून अधिक वेळा रेषेबाहेरून फेकू लागला आहे.

अर्थात हिशेबालाही मर्यादा आहेत. २८ मे २०१८ रोजी ह्यूस्टनचा संघ करीच्या संघाविरुद्ध निर्णायक सातवा सामना खेळत होता. रेषेबाहेरील फेकींवर एवढी भिस्त ठेवणारा संघ तोवर झाला नव्हता. मध्यंतराला तो अकरा गुणांनी पुढे होता. पण त्या सामन्यात त्याच्या लागोपाठ सत्तावीस दूरच्या फेकी वाया गेल्या आणि सामना हातचा गेला. सरासरी ही वर्षाची सोबतीण आहे. एखाद्या संध्याकाळची हमी ती देत नाही.

उंच मुलाचे काय?

या सर्व उलथापालथीत टोपलीखालच्या उंच माणसाचे काय झाले? तीन खेळाडूंची उदाहरणे पाहण्याजोगी आहेत.

ब्रूक लोपेझ हा सात फूट उंचीचा खेळाडू. पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याने रेषेबाहेरून एकतीस वेळाच चेंडू फेकला आणि तीन वेळा यश मिळविले. काळ बदलतो आहे हे ओळखून त्याने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी नवी विद्या शिकायला घेतली. नवव्या हंगामात त्याने रेषेबाहेरून १३४ वेळा टोपली साधली. २०२१ मध्ये अजिंक्यपद मिळविणाऱ्या मिल्वॉकी संघात तो होता.

दुसरा सर्बियाचा निकोला योकिच. उंची जवळजवळ सात फूट. पण त्याचे खरे सामर्थ्य नजरेत आणि बोटांत आहे. कोणता सहकारी कोठे मोकळा होणार हे ओळखून तो चेंडू आधीच तेथे पाठवितो. २०१४ च्या निवडीत चाळीस खेळाडूंची नावे पुकारून झाल्यावर त्याचे नाव आले. पुढे तो तीन वेळा हंगामाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले.

तिसरे नाव आपल्या देशातील आहे. पंजाबमधील बल्लो के या खेड्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेला सतनामसिंग सात फूट दोन इंच वाढला. लुधियाना येथे तो शिकला आणि २०१० मध्ये, कुमारवयातच, अमेरिकेला गेला. २५ जून २०१५ रोजी डॅलस संघाने त्याची निवड केली. भारतात जन्मलेला असा हा पहिलाच खेळाडू. साऱ्या देशाला आनंद झाला. परंतु तारीख पाहा : करीच्या संघाने आपले अजिंक्यपद मिळविले त्याला तेव्हा पुरते दहा दिवसही झाले नव्हते. त्याच महिन्यात उंच माणसाच्या जुन्या विद्येचा भाव झपाट्याने उतरू लागला होता. सतनामसिंग दुय्यम लीगमध्ये खेळला. मुख्य लीगच्या सामन्यात उतरण्याची संधी मात्र त्याला मिळाली नाही. याची कारणे अनेक असू शकतील आणि सर्व दोष काळाला देणे योग्य होणार नाही. तरीही तो वीस वर्षे आधी जन्मला असता तर, हा विचार मनाला चाटून गेल्याशिवाय राहत नाही.

एका गुणाचे दोन सामने

काही जुने चाहते हळहळतात. मध्यम अंतरावरून उडी घेऊन टाकलेली डौलदार फेक दुर्मिळ होत चालली आहे, सगळे संघ एकाच साच्याचे वाटू लागले आहेत, असे ते म्हणतात. त्यांची तक्रार अगदीच अनाठायी नाही. परंतु आजची रीत ही अखेरची रीत आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९५० मध्ये चेंडू दाबून बसणे हेही त्या वेळी अचूक उत्तरच होते. जेव्हा अचूक उत्तराने खेळाची गोडी जाऊ लागली, तेव्हा कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि त्याने कोडेच बदलले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसेच होईल.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळी येथील बंदिस्त क्रीडागारात, एन. बी. ए. चे दोन हंगामपूर्व सामने झाले. भारतात असे सामने प्रथमच होत होते. एक संघ होता सॅक्रामेंटोचा, ज्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचेच. दुसरा इंडियानाचा, जो मायकन यांच्या तिरंगी चेंडूच्या संघटनेतून आलेल्या चार संघांपैकी एक. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळकरी मुलांचाच भरणा होता. सामना वाढीव वेळेत गेला आणि इंडियानाने तो जिंकला. गुण होते १३२-१३१. मिनिआपोलिसचा तो सामनाही एकाच गुणाने सुटला होता. चुरस दोन्हीकडे सारखीच. पण एकीकडे चेंडू हातात धरून ठेवला होता आणि दुसरीकडे तो घटकाभरही स्थिर नव्हता.

वाचकहो, आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शाळेतील मैदानावरही आता तीन गुणांची कमान आखलेली असते. टोपलीच्या मध्यापासून ती पावणेसात मीटरवर असते. घरातील मूल उंच असेल, तर ‘तू आपला टोपलीखाली उभा राहा’ असे त्याला सांगण्याचा मोह आवरा; आणि ते ठेंगणे असेल, तर ‘हा खेळ तुझा नव्हे’ असेही म्हणू नका. दोघांनाही चेंडूचे टप्पे टाकता येऊ द्या, सहकाऱ्याकडे पाहता येऊ द्या, दुरून नेम धरता येऊ द्या. ती मुले मोठी होतील तेव्हा कोडे कोणते असेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही. ज्याला एकाहून अधिक गोष्टी येतात, त्याला नवे कोडे फारसे भिववीत नाही.